बाहेरची कडी

आमच्या चांदीपच्या घरात झोपायच्या खोलीत फक्त माणसानं जायचं, असा नियम आहे. घड्याळ, पट्टा, मोबाइल, किल्ल्या, बूट, चपला, सगळं बाहेर ओटीवरच्या फडताळात ठेवायचं. बाबा लष्करातून निवृत्त होऊन आले तेव्हा लोखंडी पेटीतल्या घोंगड्यांबरोबर हा नियमही घेऊन आले. आई वैतागायची. "हे घर हाय का तुमची बराक? कानातलं पन काढून ठेवू का?" असं विचारायची. बाबा थोडा वेळ विचार करून गंभीरपणे म्हणायचे, "कानातलं चालंल."

सध्या मी सुट्टीवर आले आहे. भात कापून झालंय, शेतात वाल उभा आहे आणि सकाळी नदीवरून धुकं येतं ते उन्हं चढली तरी बांधावर रेंगाळत राहतं. दुपारी सगळं गाव पेंगतं. अशा वेळी मला नक्की कळत नाही की मी आत्ताची आहे की आठवीतली, हायवेवरचे ट्रक खरे आहेत की झोपेत ऐकू येतायत. फौजेत इतकं सुस्तावायला मिळत नाही. मिळतंय तोवर सुस्तावून घेते, आणि त्या गुंगीतच हे लिहिते आहे.

बाबा मिलिटरी पोलिसात हवालदार होते. लाल टोपी, पांढरा पट्टा. शेवटची बरीच वर्षं त्यांनी उत्तरेकडच्या एका छावणीत लष्करी कोठडीवर काढली. जवानानं गुन्हा केला, सुट्टीवरून परतलाच नाही, वरिष्ठावर हात उगारला, की त्याला फौजेतच शिक्षा होते, आणि त्याला कोंडून ठेवायला, जेवू घालायला, कवायतीला काढायला आणि पुन्हा कोंडायला फौजेतलेच शिपाई लागतात. बाबा हे काम करायचे. गावाला मात्र वाटायचं की हा माणूस आयुष्यभर सीमेवर बर्फात बंदूक रोखून उभा होता. शाळेत झेंड्याला बोलावून मुलांसमोर उभं करायचे, "सीमेवरचे अनुभव सांगा" म्हणायचे. बाबा म्हणायचे, "थंडी फार असते," आणि खाली बसायचे. टाळ्या भरपूर पडायच्या.

घरात मात्र त्यांचं काम लपत नसे. ते कुठल्याही खोलीत जाण्याआधी दार वाजवायचे, अगदी स्वयंपाकघराचंसुद्धा, आणि आई चुलीशी बसून "या, या, साहेब" म्हणायची. गर्दीत भिंतीला पाठ लावून बसायचे. आणि तिसरी सवय म्हणजे दारावरून जाताना त्यांचा हात आपोआप उठायचा आणि बाहेरची कडी घालायचा. ते त्यांना कळतही नसे. डोकं वालाच्या शेंगांत, हात कडीवर. खुराडं, न्हाणीघर, माळ्याचं दार, काही सुटलं नाही. एकदा माझा मामा, आईचा धाकटा भाऊ, संडासात अडकला तो बाबा शेतावरून परत येईपर्यंत. आम्ही बाकीचे लग्नाला गेलो होतो. सुटल्यावर मामा जे बोलला ते इथे लिहिता येणार नाही. त्यानंतर तो आमच्याकडे आला की न्हाणीत गाणी म्हणत बसायचा, आपण आत आहोत हे कळावं म्हणून.

कोठडीतल्या गोष्टी बाबा सांगत नसत. एकच सांगितली, तीही अशाच एका दुपारी, खाटेवर डोळे मिटून, अर्धवट झोपेत असल्यासारखी. मी पायाशी बसून शेंगा सोलत होते.

एक जवान होता. सुट्टीवर गेला आणि घरची लावणी उरकून जातो, उद्या जातो, परवा जातो म्हणत राहून गेला. परत आला तो स्वतःच्याच पायानं, पण फार उशिरा. त्याला कोठडी मिळाली. आत जाताना टोपी, पट्टा आणि बुटाच्या नाड्या काढून घेतात. तो रोज सकाळी बिगुल वाजला की दाराशी सावधान उभा राहायचा, नाड्या नसलेल्या बुटांत. चालताना बूट निघू नये म्हणून पायाची बोटं आत आवळून धरायचा.

"सुटला त्या दिवशी नाड्या मीच दिल्या," बाबा म्हणाले. "पन त्याची बोटंच चालनात. ओवायचा, काढायचा, परत ओवायचा. बाहेर गाडी हुबी. चला, चला, म्हनून आवाज. मी भिंतीकडं तोंड करून हुबा राहिलो."

"भिंतीकडं का?"

"मानूस खाली वाकून, रडत रडत नाडी बांधतोय. ते काय बघत बसायचं, बाय?"

"आणि गाडी?"

"थांबली. मी थांबवली."

मग त्यांनी डोळे न उघडताच त्यांच्या कामाचा एक रिवाज सांगितला. तो कुठल्या पुस्तकात नव्हता, त्यांच्या तुकडीतल्या जुन्या माणसांनी पाळलेला होता. ज्यानं कोंडलं त्यानंच उघडायचं. त्यासाठी ते पाळी बदलून घ्यायचे, सुट्टीचा दिवस सोडून यायचे. नाहीतर आतल्याला वाटत राहतं, म्हणाले, की कोंडणारा अजून कुठंतरी बाहेर उभाच आहे. त्याला परत आपल्या पलटणीत जायचंय, आपल्याच माणसांत राहायचंय. त्याला मोडून कसं चालेल? एवढं बोलून ते खरोखरच झोपले. शेंगा तशाच माझ्या मांडीवर राहिल्या.

मला वाटतं, त्याच दुपारी माझं ठरलं. मला ते फार सुंदर वाटलं होतं. आता हसू येतं, पण मी अजूनही ते नाकारत नाही.

मिलिटरी पोलिसात मुलींना शिपाई म्हणून घेऊ लागले होते. दहावीला बरे गुण, ठरलेली उंची, सोळाशे मीटरची धाव, उड्या, मग वैद्यकीय तपासणी आणि लेखी परीक्षा. अंगात जुनं मोडलेलं हाड किंवा सपाट तळवा निघाला की घरी. मी अर्ज भरला, बोलावणं आलं, आणि मग रात्री जेवताना सांगितलं. आईनं भाकरी थापता थापता बाबांकडे पाहिलं. बाबांनी घास गिळला, पाणी प्यायले आणि म्हणाले, "नको."

मी भांडले. माझा आवाज मोठा आहे, गल्लीत ऐकू जातो. तुम्ही केलंत ते मी का करू नये, मुलगी म्हणून का, असं सगळं ओरडून झालं. त्यांनी ऐकून घेतलं.

"मुलगी म्हनून नाय," ते म्हणाले. "लाल टोपी बघितली का आपलीच मानसं रस्ता बदलतात. मेसमध्ये शेजारी कोन बसत नाय. सगळ्या फौजेत तुला मित्र नाय. आनि काम संपलं तरी हात संपत नाय." त्यांनी उजवा हात ताटावर पुढे केला, पीठ लागलेला, आणि जरा वेळ त्याच्याकडे असे बघत राहिले की जणू तो शेजाऱ्यांचा आहे. "हा बघ. ह्याला कोन सांगनार, आता घरी आलास म्हनून?"

त्यानंतर या विषयावर ते बोलले नाहीत. मी पहाटे बांधावर पळायला जायचे. धुक्यात वालाच्या रोपांमध्ये ते उभे दिसायचे, विळा हातात, तोंड माझ्याकडे. हाक नाही, थांब नाही, शाबास नाही. मला त्यांचा इतका राग यायचा की त्या रागावरच मी पळायचे. फक्त एक गोष्ट मला उलगडत नव्हती. संध्याकाळी मी चिखलानं माखलेले बूट ओटीवर टाकायचे आणि सकाळी त्यांच्या नाड्या काढलेल्या असायच्या. धुऊन, वाळवून, गुंडाळून प्रत्येक बुटात ठेवलेल्या. ही माया आहे की आडकाठी, मला कळायचं नाही. पुन्हा ओवत बसावं लागायचं आणि मी दात ओठ खात ओवायचे.

भरतीच्या दिवशी आई घरी नव्हती. चंदनसारला माझ्या मावशीची मुलगी बाळंत झाली होती, आई तिकडे फ्लॅटवर मुक्कामाला गेली होती. जाताना माझ्या कपाळावर हात ठेवून म्हणाली, "त्यांना इचारून जा. न इचारता नको जाऊ." मी हो म्हटलं, पण विचारायचं काय ते मला सुचेना, कारण उत्तर मला माहीत होतं. ठरवलं की निघताना फक्त पाया पडायचं.

पहाटे उठले, खोलीचं दार ओढलं, ते हललं नाही. पुन्हा ओढलं. बाहेरून कडी होती.

"बाबा," मी हाक मारली. घर रिकामं आहे हे हाकेतच कळतं. आवाज ओटीपर्यंत जाऊन परत आला.

मोबाइल फडताळात, बूट फडताळात, कागदांची पिशवी फडताळात. खोलीत फक्त माणूस, नियमाप्रमाणे. खिडकीला गज. बाहेर धुकं इतकं दाट की आंब्याचं झाड नव्हतंच, त्याच्या जागी थोडा काळोख होता. पहिल्यांदा मी दाराला लाथ मारली. मग दुसरी मारली. मग पायाचा अंगठा दुखावला आणि लक्षात आलं की मला आज याच पायानं पळायचंय, म्हणून खाटेवर बसले.

एका हाकेवर मी सुटले असते. शेजारच्या काकी पहाटेच उठून मोगऱ्याच्या कळ्या खुडतात. धुक्यातून त्यांच्या बांगड्यांचा आवाज येत होता, अगदी खिडकीपाशी असल्यासारखा. "काकी" एवढंच म्हणायचं होतं. पण मग काकी येणार, कडी बघणार, आणि दुपारपर्यंत अख्ख्या चांदीपला कळणार की फौजीनं पोरीला फौजेत जाऊ नये म्हणून कोंडली. मग कोणीतरी विचारणार की कोंडायची सवय कुठली, आणि बाबांनी इतकी वर्षं न सांगितलेलं सगळं पारावर येणार. मुलांसमोर टाळ्या घेणारा माणूस नजरेतून उतरला की लोक त्याचं काय करतात ते मी पाहिलेलं आहे. मी भरतीला मुकले तर पुढच्या वर्षी वयात बसत नव्हते. हाक मारली तर मी वाचले असते आणि बाबा गेले असते.

त्यांनी मुद्दाम केलं की हातानं केलं? मी खाटेवर बसून हाच एक प्रश्न चघळत होते. मग मला कसली तरी गुंगी आली. धुकं जरा विरळ झालं आणि भिंतीवर उजेडाचा एक चौकोन उमटला, गजांच्या रेघा असलेला. मला वाटलं, मी ती जागा ओळखते. मला वाटलं, तो लावणीला राहून गेलेला जवान समोरच्या भिंतीला टेकून बसलाय, त्याच्या शेताचा चिखल अजून घोट्यांना आहे, आणि तो मला सांगतोय की बोटं आत आवळून धर. मी खरोखरच अनवाणी पायांची बोटं आवळली. त्या उजेडाच्या चौकोनानं कपाटाची कड गाठली की हाक मारायची, असं मी ठरवलं. आणि मी त्या चौकोनाकडे पाहत राहिले. मनात मी त्याला हळू चाल म्हणत होते.

तो कपाटाला जवळजवळ टेकला होता तेव्हा अंगणात गाडीचा आवाज आला. मग ओटीवर पावलं. मग दारावर टकटक झाली.

बाबांनी दार वाजवलं, नेहमीसारखं. "उठलीस का, बाय? चल. टेम्पो आनलाय. सांडोरच्या केळीवाल्याचा. ग्राउंडच्या दारात सोडतो म्हनला. फाट्यावर किती वेळ हुबा होतो, एक थांबत नव्हता, हा कसाबसा..."

आणि ते थांबले. त्यांना कडी दिसली असणार.

माझ्या प्रश्नाचं उत्तर अंगणात घरघरत उभं होतं. ज्या माणसानं महिनोन्‌महिने मला हो म्हटलं नव्हतं, तो धुक्यात हायवेवर उभा राहून गाड्यांना हात करत होता, आणि निघताना त्याच्या हातानं त्याला न विचारता मला कोंडलं होतं. मला रडू फुटलं. रागाचं नव्हतं ते.

कडी निघाली. दार उघडलं, पण बाबा आत आले नाहीत. उंबऱ्याबाहेर उभे राहिले, सरळ, हात बाजूला. त्यांचा चेहरा मी तसा कधीच पाहिला नव्हता आणि पुन्हा बघायचा नाही.

"तुला वाटलं असंल..." ते म्हणाले.

"वाटलं होतं," मी म्हटलं. "आता नाही वाटत."

ते वळले आणि फडताळातून माझे बूट घेऊन आले. खाली वाकून माझ्यासमोर ठेवले, गुंडाळलेल्या नाड्या काढून माझ्या हातात दिल्या. मी ओवायला बसले. बोटं चालेनात. नाडीचं टोक भोकात जाईना, गेलं तर बाहेर येईना, आणि डोळ्यांतून पाणी, आणि बाहेर केळीवाल्यानं भोंगा वाजवायला सुरुवात केली. पुन्हा वाजवला. "ओ फौजी, बाजार निघून जाईल माझा!"

"थांब रे!" बाबा ओरडले. तसा आवाज त्यांनी घरात कधी काढला नव्हता, तो छावणीचा आवाज होता. "नाडी बांधतेय ती!"

मी वर पाहिलं तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून उभे होते.

टेम्पोत केळीच्या घडांवर बसून मी गेले. ग्राउंडवर पोचले तेव्हा फाटक बंद करायला शिपाई उठला होता. पळाले ते मला नीट आठवत नाही, लाल माती आणि पुढच्या मुलीची हलणारी वेणी तेवढी आठवते. मग उड्या, मग डॉक्टर, मग लेखी. मग दक्षिणेतलं ट्रेनिंग सेंटर, जिथं मी इतकी रडले आणि इतकी हसले की ते सगळं एकच लांब सकाळ झाली आहे. शपथ घेतली त्या दिवशी आई-बाबा आले होते. आईनं माझी लाल टोपी काढून बघितली, स्वतःच्या डोक्यावर घातली आणि फोटो काढायला लावला. बाबांनी फक्त माझ्या बुटांकडे पाहिलं.

आता बरीच वर्षं झाली. आमच्या वाट्याला येणारी कामं तशी साधी असतात. छावणीच्या फाटकावर उभं राहायचं, रहदारी बघायची, चौकशीत बायकांशी बोलायचं. अधूनमधून कोठडीवरची पाळी येते. बाबा म्हणाले होते त्यातलं काही खोटं नव्हतं. मेसमध्ये माझ्या बाजूची खुर्ची रिकामी राहते. मला त्याचं दुःख होतं, आणि ते मी कुणाला सांगत नाही. पण ज्याला कोंडलं त्याला मीच उघडते, जमेल तेव्हा. इतरांना ते खूळ वाटतं. वाटू दे.

परवा दुपारची गोष्ट. जेवण झालं, बाबा आत झोपायला गेले. मी वालाच्या शेंगा काढायला शेतावर गेले. उन्हात धुक्याचा वास अजून होता, मी निवांत फिरत राहिले, नदीपर्यंत गेले, पाण्यात पाय सोडून बसले. परत आले तेव्हा चहाची वेळ टळून गेली होती आणि आई ओटीवर डोक्याला हात लावून बसली होती.

"बापलेक दोघं यडे," ती म्हणाली. "कवापासून आत बसलेत. मी उघडत होते, तर नको म्हनले. बाय येऊ दे म्हनले."

मी दाराकडे पाहिलं. बाहेरची कडी घातलेली होती. आई तर मागे भांडी घासत होती तेव्हा. जाताना त्या दारावरून मीच गेले होते, टोपली घेऊन, डोकं शेंगांत ठेवून. मी माझ्या हाताकडे बघितलं. मला काहीच आठवत नव्हतं. त्या रात्रीचं पीठ लागलेल्या हाताचं बोलणं मला पहिल्यांदा खरोखर कळलं.

मी आधी दार वाजवलं. मग कडी काढली.

बाबा खाटेच्या कडेला बसले होते, ताठ, हात गुडघ्यांवर. ते रागावले नव्हते. त्यांचे डोळे भरले होते आणि ओठांवर थोडं हसूही होतं.

"शिकला हात," ते म्हणाले.

मी फडताळातून त्यांच्या सँडल आणल्या आणि त्यांच्या पायांशी ठेवल्या. आता त्यांना पट्टा लावायला वेळ लागतो. गुडघे वाकत नाहीत, बोटं थरथरतात, पट्टा निसटतो. आईनं बाहेरून हाक मारली की चहा निवतोय.

"थांब गं," मी म्हटलं, आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिले.